शस्त्रक्रियेविना बरा झालेला त्वचाकर्करोग आणि प्रतिमेची साक्ष : एक चिकित्सा

बेसल सेल कार्सिनोमा या त्वचाकर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली, तर तिच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतात. इमिक्विमॉड वा फ्लोरोयुरॅसिल या मलमांनी किंवा फोटोडायनॅमिक पद्धतीने उपचार केल्यास मात्र तपासण्यासाठी ऊतीच हाती येत नाही. रोग गेला की त्वचेखाली दडला, हे वरवरच्या दर्शनावरून ठरवावे लागते. ही उणीव ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी व कॉन्फोकल सूक्ष्मदर्शन या प्रतिमातंत्रांनी भरून निघते, असे प्रतिपादन केले जाते. त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मिलिंद राजाध्यक्ष व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली जिवंत मानवी त्वचेचे कॉन्फोकल दर्शन घडविले. या तंत्राने पेशी दिसतात, परंतु दृष्टी साधारण पाव मिलिमीटरपलीकडे जात नाही. टोमोग्राफी एक ते दीड मिलिमीटर खोल पोहोचते; तिच्या रूढ यंत्रांत सुटी पेशी मात्र ओळखू येत नाही. उपचारानंतर व्रणऊतीखाली उरलेला पेशीपुंज कॉन्फोकलच्या कक्षेबाहेर राहू शकतो, तर टोमोग्राफीत केशमूळ व पेशीपुंज यांची गल्लत संभवते. म्हणजे जेथे शंका सर्वाधिक, तेथेच साक्ष दुबळी.

याहून गंभीर आक्षेप पडताळणीच्या पद्धतीवर आहे. प्रतिमा संशयास्पद असेल तरच बायॉप्सी करावयाची आणि स्वच्छ असेल तर रुग्णास घरी पाठवावयाचे, अशी रचना असल्यास निसटलेले रुग्ण मोजलेच जात नाहीत. तंत्राची संवेदनक्षमता मग आपोआप उंच दिसते. निरोगी भासणाऱ्या त्वचेची बायॉप्सी करणे रुग्णास जाचक आहे हे खरे. पण त्यावर उपाय दीर्घ पाठपुराव्याचा आहे, गृहीतकाचा नव्हे.

हा पाठपुरावा किती दीर्घ असावा, याचे उत्तर नेदरलँड्समधील ६०१ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत सापडते. वरवरच्या बेसल सेल कार्सिनोमावरील या चाचणीचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २०१३ साली, तर पाच वर्षांचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. रोगमुक्त राहण्याची संभाव्यता फोटोडायनॅमिक उपचारात ७२.८ टक्क्यांवरून ६२.७ वर, फ्लोरोयुरॅसिलमध्ये ८०.१ वरून ७०.० वर आली. इमिक्विमॉडमध्ये ती ८३.४ वरून केवळ ८०.५ झाली. पहिल्या दोन उपचारांत प्रत्येकी सुमारे दहा टक्क्यांची घट वर्ष उलटल्यानंतरची आहे. तिसऱ्या महिन्यात घेतलेल्या एकाच प्रतिमेवर विसंबणे या दोन्ही बाबतींत विशेष धोक्याचे ठरते. तरीही प्रतिमांकनाचे वेळापत्रक उपचारानुसार बदलावे, हा विचार या चर्चेत अभावानेच आढळतो.

प्रतिमातंत्रे त्याज्य आहेत, असा याचा अर्थ नाही. बायॉप्सी नेमकी कोठून घ्यावी हे ठरविण्यास ती निश्चितच साहाय्यभूत होतात. प्रश्न त्यांच्या अहवालाच्या भाषेचा आहे. ‘रोग आढळला नाही’ एवढ्या वाक्यावर रुग्ण निर्धास्त होतो. कोणत्या तंत्राने, किती खोलीपर्यंत, जुन्या व्रणाचा किती भाग आणि उपचारानंतर कितव्या महिन्यात पाहिला, याची नोंद त्याच वाक्यात असावयास हवी.