‘हिदाया’चे भाषांतर आणि नियमाचा हेतू

तंजावर-कुंभकोणम् मार्गावरील पापनाशम येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्यास राजगिरी व पंडारवाडै ही मुसलमान वस्तीची शेजारगावे अपरिचित राहत नाहीत. तमिळ मुसलमानांत रावुत्तर सामान्यतः हनफी, तर मरक्कायर शाफिई. या दोन संप्रदायांतील एक जुना वाद ‘इस्तिहसान’चा. तो समजून घ्यावा म्हणून मर्घीनानीचा बाराव्या शतकातील ‘हिदाया’ आम्ही चार्ल्स हॅमिल्टनच्या १७९१ मधील इंग्रजी भाषांतरातून वाचला.

हे भाषांतर अरबीवरून फारसीत व फारसीवरून इंग्रजीत आले. या प्रवासात ‘इस्तिहसान’ला ‘अनुकूल अर्थ लावणे’ असे रूप मिळाले. आमचा आक्षेप येथेच आहे. त्यामुळे न्यायाधीश दयेपोटी नियम सैल करतो असा वाचकाचा ग्रह होतो. मुळात उघड सादृश्याने निघणारा निर्णय अधिक बलवान कारणासाठी बाजूस ठेवणे, असा त्याचा आशय आहे. उदाहरणार्थ, अस्तित्वात नसलेली वस्तू विकता येत नाही, हा नियम. मग स्वामिमलैच्या ओताऱ्याकडे भांडे घडविण्याचा करार कसा करावा? लोकव्यवहार व गरज पाहून हनफींनी तो वैध मानला. याउलट इमाम शाफिईंनी ‘इब्ताल-अल्-इस्तिहसान’ लिहून, अशाने पंडित स्वतःच कायदेकर्ता होईल, अशी भीती व्यक्त केली. ती भीती पोकळ नाही. म्हणूनच गझालीने धर्म, प्राण, बुद्धी, वंश व वित्त यांचे रक्षण हे कायद्याचे हेतू म्हणून निश्चित केले आणि चौदाव्या शतकात शातिबीने त्यांची सविस्तर मांडणी केली. हेतू ठरले की मर्जीला मर्यादा पडते.

याची खरी कसोटी भारतातच लागली. पती बेपत्ता झाल्यास, हनफी मताप्रमाणे, तो हयात असणे अशक्य व्हावे इतक्या वयाचा होईपर्यंत पत्नीने थांबावे. हे वय पुष्कळांनी नव्वद धरले. सुटकेचा दुसरा मार्ग नसल्याने पंजाबात काही स्त्रिया धर्मच सोडू लागल्या. धर्मरक्षणासाठी असलेला नियम धर्मत्यागास कारण होऊ लागला! तेव्हा १९३० नंतरच्या दशकात मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मत स्वीकारण्यास संमती दिली. हे काटेकोर अर्थाने इस्तिहसान नव्हे; हेतू मात्र तोच. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात चार वर्षांची मुदत आली. ज्या गावांतील पुरुष पोटासाठी मलायाकडे समुद्रापार जात, तेथे या चार वर्षांचे मोल काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा दिवस नियम लावण्यात जातो. नियमाचा हेतू विसरणारा अधिकारी आणि हेतूच्या नावाखाली नियम मोडणारा अधिकारी, दोघेही आम्ही पाहिले आहेत. हॅमिल्टनच्या शब्दाने दुसऱ्यास निमित्त मिळते; मूळ विचार दोघांसही आवर घालतो. म्हणून ‘हिदाया’ अवश्य वाचावा, परंतु त्या एका शब्दापाशी थांबून वाचावा.