‘दिवास्वप्न’ आणि वर्गांतील शिस्त

शिक्षकांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांची आपल्याकडे वाण नाहीं. परंतु त्यांपैकीं बहुतेक पुस्तकें वाचून झाल्यावर शिक्षकाच्या हातीं काय उरतें, असा प्रश्न केल्यास उत्तर देणें कठीण जातें. मुलांवर प्रेम करा, त्यांच्या जिज्ञासेला वाव द्या, भीति दाखवूं नका, असा उपदेश पानोपानीं आढळतो. आणि तो खोटाहि नसतो. पण सोमवारीं सकाळीं हजेरीपट घेऊन शिक्षक वर्गांत शिरतो, तेव्हां चाळीस मुलें एकदम बोलत असतात, दोघे दप्तरावरून हातघाईवर आलेले असतात आणि एक कोपऱ्यांत रडत असतो. त्या घटकेला नेमकें काय करावें, हें सांगण्याची जबाबदारी हीं पुस्तकें घेत नाहींत. गिजुभाई बधेका यांचें ‘दिवास्वप्न’ हें छोटेखानी गुजराती पुस्तक ती घेतें. त्याला आतां नव्वदांवर वर्षें होऊन गेलीं. तथापि त्याची जितकी स्तुति होते तितका त्याचा उपयोग होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. आणि तसें कां होतें, हें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

गिजुभाईंचा जन्म सन १८८५ चा. ते पेशानें वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करतां करतां ते या विषयांत शिरले, वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेत आले आणि सन १९२० मध्यें त्यांनीं तेथें बालमंदिर काढलें. सन १९३९ मध्यें ते वारले. गुजरातेंत त्यांना ‘मिशीवाली आई’ असें म्हणत. हें प्रेमाचें बिरुद खरें. पण त्यानेंच त्यांच्या पुस्तकाचें थोडें नुकसान केलें आहे. आईपण हें स्वभावाचें देणें मानलें, कीं ज्याला तें लाभलेलें नाहीं त्या शिक्षकाची सुटका होते. ‘ते गिजुभाई होते, आम्ही साधे मास्तर’ असें म्हणून तो पुस्तक मिटतो. वस्तुतः ‘दिवास्वप्न’ हें स्वभावाचें पुस्तक नसून कामाच्या क्रमाचें पुस्तक आहे.

कथानक थोडक्यांत असें. शिक्षणावरचीं पुष्कळ पुस्तकें वाचलेला एक गृहस्थ शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन प्राथमिक शाळेचा एक वर्ग वर्षभर प्रयोगासाठीं मागतो. त्याला चौथीचा वर्ग मिळतो. पहिल्या दिवशीं तो टिपणें तयार करून वर्गांत जातो आणि मुलांना शांततेचा खेळ शिकवूं लागतो. मुलें शांत होण्याऐवजीं गोंगाट करतात, पाय आपटतात, त्याची टर उडवितात. शेवटीं तो मुलांना सुट्टी देऊन मोकळा होतो, आणि त्याबद्दल त्याला वरिष्ठांचे बोल ऐकावे लागतात.

आमच्या मतें सगळ्या पुस्तकांत हें प्रकरण सर्वांत मोलाचें आहे, आणि नेमकें तेंच वाचक हंसून ओलांडतात. येथें काय चुकलें? शांततेचा खेळ हा मादाम माँटेसोरींच्या पद्धतींतला. तेथें तो केव्हां येतो, हें पाहिलें पाहिजे. आपापल्या कामांत रमण्याची, जपून चालण्याची, वस्तु हळूच ठेवण्याची सवय मुलांना लागल्यावर तो येतो. मग खोलींत निःशब्दता पसरते आणि शिक्षिकेनें कुजबुजत उच्चारलेलें आपलें नांव मुलाला ऐकूं जातें. म्हणजे ती शांतता झाडाचें फळ आहे, बीं नव्हे. आमच्या या गृहस्थानें झाड लावण्यापूर्वींच फळाची टोपली मागितली. नवी पद्धति पुस्तकांतून वर्गांत आणणाऱ्या प्रत्येक शिक्षकाकडून ही चूक होण्याचा संभव असतो. आणि ती झाली म्हणजे तो पद्धतीला नांवें ठेवतो, नाहीं तर मुलांना. या पुस्तकांतला शिक्षक दोघांनाहि दोष देत नाहीं. तो आपला क्रम बदलतो.

दुसऱ्या दिवशीं तो गोष्ट सांगूं लागतो. येथें वाचकाचा असा समज होतो कीं, गोष्ट हें मुलांना गप्प बसविण्याचें औषध आहे. हा समज चुकीचा आहे. मुलें गप्प बसल्यावर शिकवावें, हा शाळांचा जुना क्रम. गिजुभाईंचा शिक्षक तो उलटा करतो. मन गुंतविणें आधीं, शिस्त मागून. मुलांना गोष्ट हवी आहे हें दिसल्यावर मग तो नीट बसण्याबद्दल, हजेरी देण्याबद्दल एकेक मागणी पुढें ठेवतो. मागणी लहान असते, तिचा हेतु मुलांना समोर दिसत असतो, आणि ती पुरी होतांच गोष्ट पुढें सरकते. नियमांचा फलक भिंतीवर टांगून जें साधत नाहीं, तें अशा एकेका मागणीनें साधतें.

यावर असा आक्षेप येईल कीं, ही तर लाच झाली. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. आमचें उत्तर असें कीं, लाच ही कामाच्या बाहेरची वस्तु असते. पाढे म्हटल्याबद्दल दिलेल्या गोळीचा पाढ्यांशीं कांहींएक संबंध नसतो. येथें गोष्ट हेंच काम आहे. ऐकण्याची गोडी लागली, म्हणजे वर्गांत गोष्टींचीं पुस्तकें येतात. त्यांतून वर्गाचें ग्रंथालय उभें राहतें. गोष्टी पुढें रंगभूमीवर जातात. व्याकरणसुद्धां खेळाच्या वाटेनें येतें. एक पायरी दुसरीकडे नेते. ही सांखळी तोडून नुसती गोष्ट उचलली, तर ती लाचच होते.

हें तुटणें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. आमच्या परिचयाच्या एका शाळेंत एका उत्साही शिक्षकांनीं हें पुस्तक वाचून रोज शेवटच्या तासाला गोष्ट सांगण्याचा परिपाठ ठेवला. पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यांत दोन मुलांनीं दंगा केला, म्हणून सर्व वर्गाची गोष्ट बंद झाली. तिसऱ्या आठवड्यांत ‘गोष्ट बंद करीन’ हें वाक्य छडीच्या जागीं आलें होतें. गुरुजींचा हेतु चांगला होता. परंतु गोष्ट दिवसाच्या आरंभीं न ठेवतां शेवटीं ठेवल्यानें ती शिकण्याचें द्वार न राहतां मजुरी होऊन बसली, आणि एकाच्या अपराधाबद्दल सर्वांची मजुरी कापली गेली.

आतां पुस्तकाच्या उणिवांकडे वळूं. पहिली उणीव अशी कीं, या शिक्षकाला जी मोकळीक मिळते ती सामान्य शिक्षकाला मिळत नाहीं. अधिकारी त्याच्या पाठीशीं आहे, आणि तो स्वतः हौसेनें आलेला आहे. दुसरी अशी कीं, सहकारी शिक्षकांचें चित्र लेखकानें ओझरतें रंगविलें आहे. अभ्यासक्रम, परीक्षा, वरिष्ठांची तपासणी आणि घरचा संसार यांच्या कात्रींत सांपडलेल्या माणसाची शंका ही केवळ आळसाची सबब नसते. तिला उत्तर द्यावयास हवें होतें. तिसरी आणि मोठी उणीव अशी कीं, वर्ष संपतें, समारंभ होतो, कौतुक होतें, आणि पुस्तकहि तेथेंच संपतें. तीं मुलें पांचवींत दुसऱ्या शिक्षकाच्या हाताखालीं गेल्यावर त्यांचें काय झालें? स्वप्न नांवाला शोभेल अशा ठिकाणीं मोडतें.

या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत नसलें तरी इतिहासांत आहे, आणि तें आपल्या महाराष्ट्रांत आहे. ताराबाई मोडक सन १९२३ मध्यें भावनगरला जाऊन गिजुभाईंच्या कामांत सामील झाल्या. पुढें सन १९४५ मध्यें त्यांनीं बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें मूळ पद्धतीचा पोशाख जसाच्या तसा चालण्यासारखा नव्हता. महाग साधनें नव्हतीं. मुलें शाळेकडे येत नव्हतीं. तेव्हां शाळाच मुलांच्या अंगणांत गेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांत गेली. साधनें पानाफुलांचीं, दगडगोट्यांचीं झालीं. आधीं मूल जेथें आहे तेथें जावें आणि तेथून क्रमानें पुढें न्यावें, हें सूत्र मात्र कायम राहिलें. म्हणजे हें काम एका माणसाच्या मिशीवर अवलंबून नव्हतें. तें दुसऱ्या हातांत, दुसऱ्या मातींत रुजूं शकलें.

आजच्या घटकेला या पुस्तकाची गरज वाढली आहे, असें आम्ही म्हणतों, त्याला एक निश्चित कारण आहे. सन २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आहे. फार चांगलें झालें. परंतु कायदा हातांतली छडी काढून घेतो. त्या रिकाम्या हातानें काय करावें, हें तो सांगत नाहीं. आणि रिकामा हात फार काळ रिकामा राहत नाहीं. छडी गेली तर टोमणा येतो, सर्वांदेखत केलेली तुलना येते, ‘तुझ्या आईबापांना बोलावीन’ अशी धमकी येते. त्यांचा वळ दिसत नाहीं, एवढाच काय तो फरक. शिक्षकाला दुसरें साधन शिकविलें नाहीं, तर दोष एकट्या त्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

शेवटीं आमच्या वाचक कुटुंबांस एक विनंति. शिक्षकाचे हात बांधण्यांत अधिकाऱ्यांचा वांटा असेल, तितकाच आपला आहे. मुलगा घरीं आला कीं आपण त्याची वही पाहतों. किती पानें भरलीं आणि किती गुण पडले, तें विचारतों. वर्गांत गोष्ट झाली असें त्यानें सांगितलें, तर ‘मग शिकवलें काय?’ असा प्रश्न आपल्याच तोंडून निघतो. ‘दिवास्वप्ना’तल्या शिक्षकाला ज्या शंकांनीं घेरलें होतें, त्या अशाच ओसरीवर जन्माला येतात. त्याऐवजीं एक दिवस मुलाला ती गोष्ट सांगावयास लावावी आणि ती शेवटपर्यंत ऐकावी. तो नांवें, क्रम आणि कारणें न चुकतां सांगूं लागला, तर वर्गांत काय शिकविलें गेलें तें आपणांस कळेल. आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या शिक्षकांना तसें आवर्जून कळविलें, तर वर्षभर पुरेल इतका धीर त्यांना मिळेल.