जागतिकीकरणाचे निदान आणि सत्तेचा प्रश्न : जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या एका ग्रंथाचा पुनर्विचार

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'जागतिकीकरण : शाप की वरदान' हा विषय आपल्या महाविद्यालयांतून इतक्या वेळा चर्चिला गेला, की त्या प्रश्नाची मांडणीच सदोष आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष गेले नाही. फायद्यातोट्यांच्या दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या आणि शेवटी समतोल साधायचा, ही रीत उत्तरपत्रिकेस सोयीची होती. विषयाच्या आकलनास मात्र ती मारक ठरली. या रीतीला छेद देणारा आणि अर्थशास्त्राबाहेरच्या अध्यापकालाही समजेल असा एक ग्रंथ त्या काळात आपल्यापर्यंत पोहोचला. तो म्हणजे जोसेफ स्टिग्लिट्झ यांचा 'ग्लोबलायझेशन अँड इट्स डिसकंटेंट्स' (२००२). जागतिकीकरण चांगले की वाईट, हे विचारण्याऐवजी ते कोण चालवितो, कोणाच्या हितासाठी चालवितो आणि चूक झाल्यास तिची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न या ग्रंथाने विचारले.

त्यानंतरच्या दोन दशकांत जे घडले, त्याच्या प्रकाशात या ग्रंथाचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. स्टिग्लिट्झ यांचे निदान बव्हंशी बरोबर ठरले. परंतु सदोष ज्ञान दुरुस्त केले आणि कारभार खुला केला म्हणजे संस्था सुधारतात, हा त्यांचा विश्वास अनुभवाच्या कसोटीस उतरला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ग्रंथाची भूमिका

या ग्रंथाला वजन प्राप्त झाले ते लेखकाच्या स्थानामुळे. स्टिग्लिट्झ हे क्लिंटन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते. १९९७ ते २००० या काळात ते जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. आणि २००१ मध्ये जॉर्ज अकेरलॉफ व मायकेल स्पेन्स यांच्यासमवेत त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा टीकाकार मोर्च्यातून आलेला नव्हता, बैठकीच्या खोलीतून आलेला होता.

बाजारातील सर्व घटकांपाशी सारखीच माहिती नसते, म्हणून बाजार आपोआप इष्टतम निर्णयाप्रत पोहोचत नाही, हे त्यांच्या संशोधनाचे सूत्र. तेच सूत्र ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या धोरणांना लावतात. १९९७ च्या पूर्व आशियाई अरिष्टात नाणेनिधीने थायलंड, इंडोनेशिया व दक्षिण कोरिया या देशांना व्याजदर वाढविण्याचा आणि सरकारी खर्च आवरण्याचा सल्ला दिला. या देशांचे दुखणे सरकारी उधळपट्टीचे नसून खाजगी क्षेत्राने घेतलेल्या अल्पमुदतीच्या परकीय कर्जाचे होते. त्यामुळे उपचाराने रोग बळावला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. याउलट सप्टेंबर १९९८ मध्ये भांडवलावर नियंत्रणे आणणारा मलेशिया तुलनेने लवकर सावरला, याकडे ते लक्ष वेधतात. रशियातील घाईचे खाजगीकरण आणि चीनमधील क्रमाक्रमाने झालेले संक्रमण यांची त्यांनी केलेली तुलनाही याच धाटणीची आहे. जानेवारी १९९८ मध्ये इंडोनेशियाचे सुहार्तो करारावर सही करीत असताना नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कांदेस्यू हाताची घडी घालून शेजारी उभे असल्याचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. सत्तेच्या या विषम नात्याचे प्रतीक म्हणून ग्रंथात त्याचा उल्लेख येतो.

या ग्रंथावर कठोर टीकाही झाली. नाणेनिधीचे तत्कालीन मुख्य अर्थतज्ज्ञ केनेथ रोगॉफ यांनी जुलै २००२ मध्ये स्टिग्लिट्झ यांना उद्देशून अनावृत पत्र लिहिले. ग्रंथातील व्यक्तिगत आरोपांचा सूर त्यात झोंबला होता आणि ती तक्रार सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. जागतिक बँकेत स्वतः तीन वर्षे उच्चपदी राहिलेला लेखक नाणेनिधीची जितक्या कठोरपणे झडती घेतो, तितकी बँकेची घेत नाही, हा दोष वाचकाला जाणवतोच.

निदान मान्य, सत्ता कायम

ग्रंथाच्या निदानाला पुढील काळाने जी पुष्टी दिली, ती लेखकाच्या अपेक्षेपलीकडची म्हणावी लागेल. २००८ मध्ये अरिष्ट अमेरिकेवरच कोसळले, तेव्हा तेथील सरकारने आशियाई देशांना सांगितलेले पथ्य स्वतः पाळले नाही. व्याजदर शून्याच्या जवळ आणले गेले आणि वित्तसंस्थांना वाचविण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची योजना मंजूर झाली. २०१२ मध्ये नाणेनिधीने विशिष्ट परिस्थितीत भांडवली प्रवाहांवर नियंत्रणे घालणे उचित ठरू शकते, अशी अधिकृत भूमिका घेतली. मलेशियाला चौदा वर्षांनी मिळालेले हे प्रमाणपत्रच होते. ग्रीसच्या २०१० च्या कार्यक्रमात आपले अंदाज अवास्तव आशावादी होते, हेही नाणेनिधीने २०१३ मध्ये मान्य केले.

थोडक्यात, ज्ञानाच्या पातळीवर स्टिग्लिट्झ यांचा विजय झाला. मग सत्तेच्या पातळीवर काय बदलले? नाणेनिधीतील मतांची फेरवाटणी २०१० मध्ये ठरली; अमेरिकी काँग्रेसच्या संमतीसाठी ती डिसेंबर २०१५ पर्यंत अडून राहिली आणि जानेवारी २०१६ मध्ये अमलात आली. त्यानंतरही महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत. म्हणजे नकाराधिकार अबाधितच राहिला. नाणेनिधीचे प्रमुखपद युरोपीय व्यक्तीकडे आणि जागतिक बँकेचे अमेरिकी नागरिकाकडे, हा संकेतही मोडला गेलेला नाही. चूक कबूल करणारी संस्था चूक करण्याचा अधिकार सोडतेच असे नाही, हा यातील बोध आहे.

कापसाचा दाखला

स्टिग्लिट्झ यांनी व्यापारविषयक नियमांतील दुटप्पीपणावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. श्रीमंत देश इतरांना बाजार खुले करावयास सांगतात आणि स्वतःच्या शेतीला मात्र अनुदाने देतात, हा त्यांचा मुद्दा. त्याची सर्वांत स्वच्छ परीक्षा कापसाच्या प्रकरणात झाली. योगायोग असा, की या परीक्षेचा आरंभ ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी झाला.

सप्टेंबर २००२ मध्ये ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील चार कापूस उत्पादक देशांनी ही अनुदाने रद्द व्हावीत, अशी स्वतंत्र मागणी केली. मार्च २००५ मध्ये अपील मंडळाने ब्राझीलच्या बाजूने निर्णय दिला. नियम होते, न्यायासन होते, आणि निकाल दुर्बलांच्या बाजूचा होता. स्टिग्लिट्झ यांना अभिप्रेत असलेली व्यवस्था येथे काम करताना दिसावयास हवी होती.

प्रत्यक्षात अमेरिकेने निर्णयाची पूर्ण अंमलबजावणी केली नाही. २००९ मध्ये ब्राझीलला प्रतिकारात्मक कारवाईची परवानगी मिळाली; तिचा रोख अमेरिकी कंपन्यांच्या बौद्धिक संपदेच्या हक्कांकडेही वळू शकत होता. तेव्हा कोठे २०१० मध्ये तडजोड झाली. अनुदाने काढून टाकण्याऐवजी अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस क्षेत्राला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन हे प्रकरण मिटविले. २०१८ मध्ये अमेरिकी कापूस उत्पादकांना किंमत-संरक्षणाच्या योजनेत पुन्हा स्थान मिळाले. या वेळी ते रुईऐवजी सरकीसह कापूस या नावाने मिळाले, इतकाच फरक. बेनिन व चाड हे देश ब्राझीलच्या दाव्यात त्रयस्थ पक्ष म्हणून सहभागी होते. कायद्याने ते जिंकले, पण त्यांच्या शेतकऱ्यांना या तडजोडीतून काहीही मिळाले नाही. कारण प्रतिकार करण्याइतका त्यांचा व्यापारच नव्हता.

या प्रकरणात माहितीची उणीव नव्हती, प्रक्रिया गुप्त नव्हती आणि अर्थशास्त्रही वादग्रस्त नव्हते. उणीव होती ती निकाल अमलात आणण्याच्या बळाची. ग्रंथाची चौकट नेमकी येथे तोकडी पडते.

'देश' या एककाची मर्यादा

ग्रंथाची दुसरी मर्यादा आपल्याला अधिक जवळची आहे. स्टिग्लिट्झ यांच्या मांडणीत 'विकसनशील देश' हा एकसंध पक्ष म्हणून वावरतो. अर्थमंत्री आणि व्यापारमंत्री हे विशिष्ट हितसंबंधांचे प्रतिनिधी असतात, हे ते सांगतात. परंतु देशांतर्गत हितसंघर्षाचे विश्लेषण ते पुरेसे करीत नाहीत.

विदर्भाचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात १९७२ पासून चाललेली कापूस एकाधिकार खरेदी योजना या शतकाच्या आरंभी संपुष्टात आली. जागतिक बाजारात रुईचे भाव कोसळलेले असतानाच कोरडवाहू शेतकरी खुल्या बाजारात उभा राहिला. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांना विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. या संकटात अमेरिकी अनुदानांचा वाटा होता, हे खरे. परंतु सिंचनाचा अभाव, संस्थात्मक पतपुरवठ्याची दुरवस्था आणि खरेदी यंत्रणेचा ऱ्हास यांची जबाबदारी वॉशिंग्टनवर टाकता येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये हाच पेच नव्या रूपात समोर आला. अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत वाढविले. वस्त्रोद्योगाला दिलासा मिळावा म्हणून भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ केले. ही मुदत विदर्भ-मराठवाड्यातील वेचणीच्या ऐन हंगामात येत होती. म्हणजे एका परकीय निर्णयाचा भार देशांतर्गत निर्णयाने शेतकऱ्याच्या अंगावर सरकविला. गिरणीकामगाराचा रोजगार आणि कापूस उत्पादकाचा भाव यांतून निवड करणे सोपे नाही, हे मान्यच करावे लागेल. परंतु ती निवड दिल्लीत झाली, हेही तितकेच खरे आहे. 'भारतावर अन्याय झाला' या एका वाक्यात हे दोन्ही पदर मावत नाहीत.

समारोप

२०१७ च्या सुधारित आवृत्तीत स्टिग्लिट्झ यांनी विकसित देशांतील कामगारांच्या असंतोषाची दखल घेतली. दरम्यान या असंतोषाचे राजकीय पीक वेगळ्याच मंडळींनी काढले होते. २००२ मध्ये जागतिक संस्था अन्यायी आहेत, असे दुर्बलांचे टीकाकार म्हणत होते. २०१६ नंतर तेच शब्द बलवानांच्या मुखी आले. नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने रोखून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ निष्क्रिय झाले. त्या पोकळीचा लाभ इतरांनीही घेतला. ऊस व साखरेच्या अनुदानांबाबत विरोधी निर्णय आल्यावर भारतानेही जानेवारी २०२२ मध्ये त्या निष्क्रिय मंडळाकडेच अपील केले. परिणामी तो निर्णय अधांतरी राहिला. आज आपल्या साखरेला ही सोय हितावह वाटेल. उद्या आपल्या कापसाला न्याय हवा असेल, तेव्हा तेच रिकामे न्यायासन आपल्यासमोर असेल.

या शतकाच्या आरंभीच्या आर्थिक व राजकीय आव्हानांचा गाभा येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पक्षपाती नियमांपेक्षा नियमांचा अभाव दुर्बलांना अधिक घातक असतो. आणि तरीही पक्षपाती नियमांवरील टीका थांबवून चालत नाही. ही दुहेरी जबाबदारी कशी पार पाडावी, याचे पुरेसे उत्तर स्टिग्लिट्झ यांच्या ग्रंथात नाही. तथापि तो प्रश्न नेमकेपणाने विचारता येईल, एवढी भूमी त्यांनी निश्चित तयार केली. आपल्या वर्गांतून हा ग्रंथ अवश्य वाचला जावा. मात्र 'शाप की वरदान' या यादीत भर घालण्यासाठी तो वाचू नये. ब्राझीलला तडजोड मिळाली आणि बेनिनला का मिळाली नाही, आणि वेचणीच्या तोंडावर शुल्क कोणाच्या सोयीसाठी उठते, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढावे, यासाठी तो वाचला जावा.