तपासणीत पास झालेला फोन

ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल सरकारलाच परत करायला सुरुवात केली. ठिकठिकाणच्या प्रकल्प कार्यालयांत बायका पिशवीत फोन घेऊन गेल्या. 'मोबाईल वापसी' असे त्या आंदोलनाचे नाव. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर दोन-चार दिवस बातम्या आल्या आणि विषय संपला. माझ्या घरी तो संपला नाही, कारण धानोरा तालुक्यातल्या एका गावात माझी चुलत वहिनी सेविका आहे. तिचे एक वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. "भाऊजी, हा फोन उन्हात नेला का मरते, घरात ठेवला का याची रेंज मरते. मंग वजन कुठी भरू?"

मी चंद्रपूरला तीस वर्षे मराठी शिकवले. फोन उघडून आत काय बिघडले ते मला कळत नाही. पण कागद वाचण्याची सवय आहे, आणि या फोनमागे कागद बरेच होते. कादंबरी फसली की समीक्षक विचारतो, लेखकाने वाचक म्हणून डोळ्यांसमोर कोणाला ठेवले होते? तोच प्रश्न या वस्तूला विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा उद्योग.

आधी हकिकत. 8 मार्च 2018 रोजी राष्ट्रीय पोषण अभियान सुरू झाले. अंगणवाडीतली जाडजूड रजिस्टरे जाऊन त्यांच्या जागी फोन यावा, मुलाचे वजन आणि उंची तिथल्या तिथे नोंदली जावी आणि कुपोषित मूल वेळेवर दिसावे, हा हेतू होता. हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत, त्यांच्यासाठी 2019 मध्ये फोन आले. बाजारभावापेक्षा जास्त दराने खरेदी झाल्याचा आरोप विरोधकांनी त्याच वर्षी केला. सरकारने तो फेटाळला. दरात नुसता फोन नसून सोबतच्या वस्तू आणि सेवाही धरल्या आहेत, असे सरकारचे म्हणणे होते. मग 2021 मध्ये पहिले अ‍ॅप जाऊन केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' आले. ते इंग्रजीत होते, आणि दोन जीबी रॅमच्या फोनला पेलत नव्हते. फोन तापतो, अडकतो, भरलेली माहिती पुसली जाते आणि दुरुस्तीचा खर्च आमच्याकडून मागतात, अशा संघटनांच्या तक्रारी होत्या. सेविकेचे मानधन तेव्हा महिना 8,325 रुपये होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

वहिनीच्या फोनच्या पाठीवर कोणत्या कंपनीचे नाव होते ते मी इथे लिहीत नाही. हा विषय काढला की चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत दोनच उत्तरे मिळतात. पहिले उत्तर, पैसे खाल्ले. दुसरे, माल चिनी. दोन्ही उत्तरे देणाऱ्याचे समाधान करतात आणि पुढचा विचार थांबवतात. पैसे खाल्ले की नाही हे मला ठाऊक नाही. पण समजा कोणी एक पैसाही खाल्ला नसता आणि माल उत्तम कारखान्यातून आला असता, तरी वहिनीचा फोन मे महिन्यात चालला असता का? नसता, असे मला वाटते.

आज फोनवर ज्याचे नाव असते त्याने तो बनवलेला असेलच असे नाही. आराखडा एकाचा, चिप दुसऱ्याची, बॅटरी तिसऱ्याची, जुळणी चौथ्याच्या कारखान्यात आणि शेवटी पुरवठा करणारा पाचवाच. प्रत्येक जण पुढच्याला माल देताना एक कागद देतो : तपासला, ठीक आहे. यात फसवणूक असतेच असे नाही. लाख वस्तूंपैकी प्रत्येक वस्तू कोणी तपासत नाही, नमुना तपासतो. या शास्त्राचा पाया 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या शेवार्ट, डॉज आणि रोमिग यांनी घातला. स्वातंत्र्य मिळाले त्याच हिवाळ्यात, 1947-48 मध्ये, महालनोबिसांच्या निमंत्रणावरून शेवार्ट भारतात येऊन गेले. म्हणजे आपल्याकडे हे ज्ञान काल आलेले नाही. नमुना तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, एक लाख नगांच्या मालातून साधारण पातळीच्या तपासणीला 500 नग काढायचे. दोषाची मान्य मर्यादा एक टक्का ठरली असेल तर त्यात 10 सदोष निघाले तरी सगळा माल पास, 11 निघाले तर सगळा नापास. गणित चोख आहे. पण त्या गणिताला 'सदोष' या शब्दाचा अर्थ बाहेरून पुरवावा लागतो. तो अर्थ अटींच्या तक्त्यात असतो.

असे तक्ते आता कोणालाही पाहता येतात. मी बरेच वाचले. त्यांची भाषा विशेषणरहित आणि क्रियापदरहित असते. पडदा इतका इंच, रॅम इतकी, साठवण इतकी, बॅटरी इतकी, किंवा 'त्याहून अधिक'. या 'त्याहून अधिक'चा व्यवहारातला अर्थ 'त्याहून कणभरही अधिक नाही' असा होतो, कारण सर्वांत कमी दराला काम मिळते. तक्त्यात वस्तू असते, वापरणारी नसते. ती कुठे उभी राहून, कोणत्या उन्हात, कोणती भाषा बोलत, एका हातात मूल धरून हे यंत्र चालवणार आहे, त्याला तिथे रकाना नाही. आपल्या ग्रामीण म्हणवणाऱ्या काही कथांत गाव असते आणि गावातले माणूस नसते, त्याची मला आठवण झाली.

उन्हाचेच घ्या. अ‍ॅपलसारखी कंपनी आपला महागडा फोन 0 ते 35 अंश तापमानात वापरावा असे सांगते. लिथियम-आयन बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, हा सर्वसाधारण दंडक. चंद्रपूरला मे महिन्यात पारा 47 अंशांच्या पुढे गेलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, गडचिरोली काही थंड नव्हेत. टिनाच्या छपराखालच्या अंगणवाडीत दुपारी एक वाजता काय होत असेल त्याची नोंद हवामान खाते घेत नाही. आता 35 अंशांसाठी बनवलेला फोन 44 अंशांत बंद पडला तर तो सदोष आहे का? तपासणीच्या भाषेत नाही. तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, म्हणजे उलट नीट चालतो. एक लाखातला प्रत्येक फोन तपासणीत पास होऊ शकतो आणि तरी धानोऱ्यात, एटापल्लीत, जिवतीच्या पहाडावर निकामी ठरू शकतो. गुणवत्ता नियंत्रण नापास झाले असे म्हणायलाही जागा नाही, कारण त्याला हा प्रश्न कोणी घातलाच नव्हता.

दोष खरोखर कारखान्यात घडतो तेव्हा काय होते, याचेही उदाहरण आहे. 2016 मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट 7 पेट घेऊ लागला. बॅटऱ्या दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या होत्या. एकीच्या कोपऱ्यात पट्टी दबलेली, दुसरीच्या जोडकामात खरखर राहिलेली. कंपनीने सुमारे 25 लाख फोन परत बोलावले, नंतर ते उत्पादनच बंद केले आणि जानेवारी 2017 मध्ये कारणे जाहीर केली. घेणारा श्रीमंत, बाजार मोठा आणि विमान कंपन्या तो फोन आत येऊ देत नव्हत्या. तिथे कंपनीने माल परत मागितला. आमच्याकडे वापरणाऱ्या बायकांना तो आपण होऊन परत न्यावा लागला, आणि तो घ्यायचा की नाही यावर काही ठिकाणी कार्यालयात वाद झाले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक धरला आहे. कायदा लिहिणाऱ्याला वापरणारी दिसली होती, असे म्हणायचे. पण बिल आणि वॉरंटी खात्याच्या नावावर, नादुरुस्त फोन सेविकेच्या नावावर. वहिनी गडचिरोलीला दोनदा जाऊन आली. दुकानदाराने सांगितले, नागपूरला न्यावा लागेल. दोन्ही दिवस अंगणवाडी मदतनीस बाईंनी सांभाळली.

महाराष्ट्रात फोनच्या कारखान्यांची चर्चा होते ती कारखाना कुठे जाणार याची. ऑगस्ट 2015 मध्ये फॉक्सकॉनशी पाच अब्ज डॉलरचा करार झाला तेव्हा केवढा गाजावाजा! तो कारखाना आला नाही, त्यावरही खूप बोलणे झाले. कारखान्यातून निघालेली वस्तू कोणाच्या हातात जाऊन काय करते, हा विषय कोणाच्या भाषणात आल्याचे मला आठवत नाही.

याच जिल्ह्यात वेगळ्या पद्धतीने घडलेली एक वस्तू आहे. शोधग्रामच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने केलेला श्वासमापक. लहान मुलाला न्यूमोनिया झाला आहे की नाही हे त्याच्या मिनिटाच्या श्वासांवरून कळते. पण ते मोजायच्या होत्या गावातल्या सुईणी, ज्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हते आणि ज्यांच्याकडे घड्याळ नव्हते. म्हणून एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर न्यूमोनिया. या वस्तूचा अटींचा तक्ता कोणी लिहिला असता तर त्याची पहिली ओळ 'वापरणारीला दहापर्यंत मोजता येते' अशी असती. तिला जे येते तिथून रचना सुरू झाली आहे. मणी आणि वाळूला ऊनही बाधत नाही. रूप आणि आशय वेगळे काढता येत नाहीत, असे आम्ही वर्गात कवितेबद्दल सांगतो. या मण्यांच्या माळेबद्दल ते मला निःशंकपणे म्हणता येते.

तुलना थोडी अन्यायाची आहे, हे मान्य करतो. श्वासमापक एका प्रदेशात, संशोधकांच्या नजरेखाली, एका कामासाठी घडला. सरकारला लाखभर ठिकाणी एकच वस्तू द्यायची होती. धानोऱ्याला वेगळा फोन आणि धारावीला वेगळा, हे सहज जमणारे नाही. पण खरेदीपूर्वी पन्नास फोन एका उन्हाळ्यात भामरागड, कोरची, जिवती इथल्या सेविकांच्या हाती देऊन पाहणे तरी अशक्य होते का? पन्नास म्हणजे त्या पाचशेच्या नमुन्याचा दहावा हिस्सा. नमुना कारखान्याच्या दारात काढतात, तो वापराच्या जागीही काढता येतो.

भाषेचा दोषही याच जातीचा. अ‍ॅप इंग्रजीत आले तेव्हा मागणी झाली ती मराठीची, आणि ती रास्तच होती. दहावी शिकलेली बाई एकेका इंग्रजी शब्दाशी झुंजत बसली तर मुलाकडे केव्हा बघणार? पण गडचिरोलीत तेवढ्यानेही भागत नाही. भामरागडला माडिया, सिरोंचाला तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. सेविका आईशी एका भाषेत बोलते, मनात दुसऱ्या भाषेत जुळवते आणि फोनमध्ये तिसऱ्या भाषेत भरते. या दोन उड्यांत चूक झाली तर ती तिच्या नावावर. मराठीचा प्राध्यापक म्हणून मला मराठी अ‍ॅपचा आनंद व्हायला हवा. झालाही. फक्त आमच्या जिल्ह्यात मराठीसुद्धा अनेकदा वरून आलेली भाषा असते, हे सेविकेला माहीत असते आणि आम्हाला क्वचित.

याची किंमत कशात मोजायची? फोन अडकला तर मुलाचे वजन नोंदले जात नाही. नोंदले गेले नाही तर ते मूल यादीत दिसत नाही, मग वरच्या अहवालात कुपोषण कमी तरी दिसते किंवा भलतेच वाढलेले तरी. 2025 पासून तर घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्याने ओळखण्याची अट आली. आता कॅमेरा, रेंज आणि बॅटरी या तिन्हींनी हो म्हटले तरच पाकीट हातात. पूर्वी बिघडलेल्या फोनमुळे आकडा चुकत असे, आता घास अडू शकतो. म्हणून या वस्तूची समीक्षा चैन वाटत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये सेविकांनी बेमुदत संप केला, मानधन 10,000 झाले, नव्या फोनचा शब्द मिळाला. वहिनीला नवा फोन मिळाला. तो बरा आहे, असे ती म्हणते. जुन्या रजिस्टरांकडे परत जाण्याची तिची मुळीच इच्छा नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण शहरातल्या माझ्या मित्रांना तसे ऐकायला आवडते. फोन तिला हवा आहे. चालणारा हवा आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती सकाळी सातलाच अंगणवाडीत होती. ऊन चढायच्या आत वजने उरकायची, मग फोन मडक्याच्या गार सावलीला ठेवायचा, ही तिची रीत. काट्यावर दीड वर्षांची एक मुलगी रडत होती. वहिनीने आकडा मोठ्याने वाचला, उशाशी ठेवलेल्या शाळेच्या दोनशेपानी वहीत पेनाने लिहिला आणि मग फोन हातात घेतला. वही कशाला, असे मी विचारले. "राहू द्या जी," ती म्हणाली, आणि पुढच्या मुलाला हाक मारली.