ठिपके, आकृती आणि लय

बंगळूरच्या बाह्य वर्तुळमार्गालगतच्या कचेऱ्यांनी आणि बहुमजली इमारतींनी वेढले गेलेले बेळ्ळंदूर हे मुळात तळ्याकाठचे गाव. तेथील जुन्या वस्तीत सकाळी उंबऱ्यापुढे सडा घालून जी रांगोळी काढतात तिला कन्नडमध्ये 'चुक्की रंगोली' म्हणतात. मराठी घरातील ठिपक्यांच्या रांगोळीची ही सख्खी बहीण. इमारतींतील दारांपुढे मात्र पुष्कळदा छापील, चिकटवावयाची रांगोळी असते. नियमिततेच्या कसोटीवर छापील रांगोळीच सरस ठरेल. तरीही नजर रेंगाळते ती हाताने काढलेल्या रांगोळीवर. असे का व्हावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. मराठी सौंदर्यविचारातील एका जुन्या वादाशी तो जाऊन भिडतो.

आकृतीचे 'चांगलेपण' मोजण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गार्नर आणि क्लेमंट यांनी १९६३ साली केला. त्यांची सामग्रीही ठिपक्यांचीच होती. तीन ओळी, तीन रकाने, त्यांत पाच ठिपके, आणि कोणतीही ओळ वा रकाना रिकामा नाही, अशा ९० आकृती होतात. पाव पाव वळणाने फिरवल्यास किंवा आरशात पाहिल्यास ज्या एकमेकींत रूपांतरित होतात त्यांचे एक कुल मानले, तर १७ कुले मिळतात. काही कुलांत आठ आकृती, काहींत चार. अधिकाची खूण आणि फुली या दोन आकृती मात्र कशाही फिरवल्या तरी तशाच राहतात, त्यांचे कुल एकटीचे. पाहणाऱ्यांनी लहान कुलांतील आकृतींना अधिक चांगले ठरविले. चांगल्या आकृतीला पर्याय थोडे असतात, असे सूत्र गार्नरने १९७० मध्ये मांडले. यातील मर्म असे, की डोळा आकृती एकटी पाहतच नाही. ती जी होऊ शकली असती त्या सर्वांसह पाहतो.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली, तेव्हा ही सामग्री त्यांच्यापुढे नव्हती. तिने त्यांना अर्धाच आधार मिळतो. संवाद आणि समतोल यांची ग्वाही ठिपके देतात. विरोधाविषयी ते मुके आहेत. अधिकाची खूण सर्वांत 'चांगली' असेलही, पण तिच्यापुढे कोणी थांबत नाही. नियमितता आकृतीला ओळखू येण्याजोगी करते. तेवढ्याने ती सुंदर होत नाही. मर्ढेकरांनी विरोधाला संवादाच्या बरोबरीचे स्थान दिले, ही त्यांची दृष्टी येथे मानसशास्त्रज्ञांच्या पुढे जाते. मात्र कोणत्या तत्त्वाने कोठे किती जागा घ्यावी, याचे उत्तर त्यांच्या नियमांतून निघत नाही. ही उणीव खरीच आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

उंबऱ्यावरील रांगोळीत विरोध दोन ठिकाणी असतो. एक रेषेत: चिमटीतून सुटणारे पीठ कोठे दाट, कोठे विरळ पडते. दुसरा काळात. आजची रांगोळी उद्या पुसली जाते आणि त्याच ठिपक्यांवर वेगळी उमटते. म्हणून ती कालच्या आणि उद्याच्या रांगोळ्यांच्या संगतीत पाहिली जाते. तिचे पर्याय जिवंत असतात. छापील आकृतीला काळातील भावंडेच नाहीत. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव मानले. सडा, शुभशकुन, पाहुण्याचे स्वागत हा रांगोळीचा लौकिक अर्थ शुद्ध आकृतिवादाला ओलांडतो हे खरे. परंतु तो अर्थही रोजच्या पुनर्रचनेवाचून उभा राहत नाही.

ओवीचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. ग्रंथातील ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि बहुधा यमकमुक्त. गार्नरच्या हिशेबाने चार समान चरण अधिक 'चांगले' ठरतील. पण तीन चरणांनी जागवलेली अपेक्षा चौथा मोडतो, आणि त्या मोडण्यातच ओवी थांबल्याची जाणीव श्रोत्याला होते. चरणांतील अक्षरसंख्याही सैल असते, त्यामुळे ओवीमागून ओवी ऐकताना प्रत्येक ओवी आधीच्या ओव्यांशी ताडली जाते. छंदशास्त्र अक्षरे आणि मात्रा मोजते. कानात साठलेल्या या मागच्या ओव्यांचा हिशेब त्याने अद्याप मांडलेला नाही.