निवडलेली मुले आणि सुटलेली मुले

हुशार मुले ओळखावीत कशी, आणि ओळखल्यावर त्यांच्यासाठी करावे काय, हे दोन प्रश्न शिक्षकांच्या बैठकांत नेहमी निघतात. पहिल्यावर पुष्कळ बोलले जाते. दुसऱ्याच्या वेळी घंटा होते. या विषयावरचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे लुईस टर्मन यांची ‘जेनेटिक स्टडीज ऑफ जीनियस’ ही पाच खंडांची ग्रंथमाला. पहिला खंड १९२५ चा, पाचवा १९५९ चा. प्रज्ञावंत मुलांविषयीच्या आपल्या कितीतरी समजुती या मालेतून आल्या आहेत. म्हणून ती शिक्षकाच्या नजरेने तपासून पाहावी असे आम्हांला वाटते.

फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये सिमाँ यांच्याबरोबर बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली, ती शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. बुद्धी जन्मभर एवढीच राहते, या मताला बिने यांचा विरोध होता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली आणि मदतीचे साधन निवडीचे झाले. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातील शाळांतून सुमारे १४० किंवा त्याहून अधिक बुद्ध्यंक असलेली दीड हजारांवर मुले निवडली आणि पुढे अनेक दशके त्यांचा मागोवा घेतला.

या कामाचे श्रेय आधी देऊ. ‘फार हुशार मूल म्हणजे अशक्त, एकलकोंडे, पुढे वाया जाणारे’ ही समजूत त्या काळी सर्वत्र होती. टर्मन यांनी मोजमापे घेऊन ती खोडून काढली. त्यांची मुले प्रकृतीने चांगली होती, मित्रांत रमत होती. मात्र ही मुले प्रामुख्याने शहरी, गोऱ्या, सुस्थितीतील घरांतून आलेली होती. त्यांच्या चांगल्या प्रकृतीत बुद्धीचा वाटा किती आणि पोटभर अन्नाचा किती, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

आता निवडीची रीत पाहू. शिक्षकांनी वर्गातील सर्वांत हुशार मुलांची नावे द्यावी, शिवाय वयाने सर्वांत लहान मुलाचेही नाव द्यावे, आणि मग त्यांची कसोटी घ्यावी, अशी पद्धत होती. टर्मन यांना आढळले, की शिक्षकाने सुचवलेल्या मुलापेक्षा हजेरीपटावरील सर्वांत लहान मूल कसोटीला अधिक वेळा उतरते. कारण उघड आहे. एकाच वर्गातील नऊ आणि अकरा वर्षांच्या मुलांकडे आपण वय विसरून पाहतो. शांत बसणारे, नीटनेटके लिहिणारे मोठे मूल डोळ्यांत भरते. हा भाग आपण प्रत्येकाने आपला हजेरीपट समोर ठेवून वाचावा.

पण कसोटी तरी कुठे बिनचूक होती? विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ या दोन मुलांनीही ती दिली होती आणि दोघेही तीत बसले नाहीत. पुढे शॉक्ली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही ते मिळाले नाही. केवळ पारितोषिकांवरून कोणत्याही पाहणीची किंमत करू नये, हे खरे. पण यादीबाहेरच्या मुलांविषयी आपण किती सहज निर्धास्त होतो, हे यातून दिसते.

आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते टर्मन यांच्या मृत्यूनंतर, १९६८ मध्ये त्यांच्या सहकारी मेलिटा ओडन यांनी मांडलेले निष्कर्ष. त्यांनी या गटातील सर्वांत यशस्वी शंभर पुरुषांची तुलना सर्वांत कमी यशस्वी शंभरांशी केली. लहानपणीच्या बुद्ध्यंकांत फरक थोडाच होता. मोठा फरक होता तो घरात. यशस्वी गटात पदवीधर वडिलांचे प्रमाण पुष्कळ जास्त होते. चिकाटी आणि आत्मविश्वासही अधिक होता. आणि मुली? त्याही कसोटीतूनच निवडलेल्या. तरी मध्यम वयात त्यांतील सुमारे निम्म्या पूर्णवेळ गृहिणी होत्या. म्हणजे निवड झाली, पण पुढची वाट सर्वांना सारखी मिळाली नाही. जन्मजात गुण मोजायला निघालेल्या या पाहणीने शेवटी आधाराचेच महत्त्व दाखवून दिले.

आपल्या वर्गाला याचा उपयोग काय? गणिते लवकर सोडवून बसलेल्या मुलाला त्याच प्रकारची आणखी वीस गणिते देणे ही मदत नव्हे, शिक्षा आहे. त्याऐवजी सर्वच वर्गाला विचारून पाहा : १ ते १०० मधील कोणत्या संख्यांना विषम संख्येने विभाजक असतात? बाराचे विभाजक जोडीजोडीने येतात : १ व १२, २ व ६, ३ व ४. छत्तीसमध्ये मात्र ६ ला जोडीदार ६ च, म्हणून तो एकदाच मोजला जातो. उत्तर वर्गसंख्या, एकूण दहा. काहींना ते सारणी करून मिळेल, एखादे मूल कारण सांगेल, आणि ते मूल कदाचित आपल्या यादीतले नसेल.

पालकांना एवढेच सांगावे, की जादा शिकवणीपेक्षा मुलाच्या प्रश्नाला वेळ द्या. उत्तर येत नसेल तर दोघे मिळून शोधा. ज्या घरी दिवसभराच्या कष्टांनंतर तेवढाही वेळ उरत नाही, तिथल्या मुलांसाठी शाळेचे वाचनालय आणि प्रयोगशाळा सुटल्यावर तासभर उघडी राहिली पाहिजे. ओडन यांचे आकडे वाचल्यावर ही सवलत वाटत नाही. ते शाळेचे कामच ठरते.

टर्मन यांचे खंड जरूर चाळावेत. निवडीचे शास्त्र म्हणून ते आज अपुरे आहेत. सुटलेल्या मुलांची नोंद म्हणून मात्र ते शिक्षकाला अजूनही पुष्कळ शिकवू शकतात.