अंगण, कुरण आणि पुस्तक : डहाणू-तलासरीतील बालवाचनाचा विचार

मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी या प्रश्नाची आपल्याकडील चर्चा बहुधा एक गोष्ट गृहीत धरून चालते. मुलाच्या घरात पुस्तक आहे, निदान ते वाचून दाखवणारे कोणी तरी आहे, आणि पुस्तकातील भाषा ही घरच्या भाषेचीच थोडी नेटकी आवृत्ती आहे, हे ते गृहीत होय. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय घरापुरते ते खरेही असेल. परंतु पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या पाड्यांवर ते लागू पडत नाही. आणि जेथे ते लागू पडत नाही तेथे आपण चटकन असा निष्कर्ष काढतो की, येथील मुलाला वाचनाची आवड नाही व येथील घरात वाङ्मयाचा संस्कार नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि चूक मुलाची नसून आपल्या मोजपट्टीची आहे, हे दाखवण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या भागाला बालशिक्षणाच्या इतिहासात विशेष स्थान आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले, १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या साहाय्याने पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने ग्रामीण भागाला परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने व दगड यांपासून साधने करण्यात आली. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मूल शाळेकडे येत नाही असे दिसताच या दोघींनी दोष मुलाला न देता शाळेच्या जागेला दिला. मुले पाड्यावर असतात, तर शाळा पाड्याच्या अंगणात भरावी, ही अंगणवाडी. मुले गुरांमागे रानात जातात, तर शाळाही रानात जावी, ही कुरणशाळा. संस्थेने मुलापर्यंत चालत जावे, हे कोसबाडच्या प्रयोगाचे सारतत्त्व होय.

अंगणवाडी हे नाव १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेबरोबर देशभर गेले. मात्र तत्त्वाचा प्रवास नावाइतका दूरवर झाला नाही. विशेषतः पुस्तकाच्या बाबतीत आपण अद्याप कोसबाडपूर्व काळात आहोत असे म्हणावे लागते. शाळा अंगणात गेली; पुस्तक मात्र मुलाने आपल्याकडे यावे अशी वाट पाहत कपाटातच राहिले.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षकाचा क्रम या संदर्भात लक्षणीय आहे. तो वर्गात प्रथम गोष्ट सांगतो, गोष्टीची भूक निर्माण करतो, आणि त्यानंतर वर्गाचे छोटे ग्रंथालय उभे करतो. आधी श्रवण, मग वाचन. हा क्रम केवळ अध्यापनाची युक्ती नव्हे. मुद्रित पान हे ऐकलेल्या गोष्टीचे दुसरे घर आहे, ही जाणीव त्यामागे आहे. ज्याने पहिले घर पाहिलेले नाही त्याला दुसऱ्याचे अप्रूप वाटणार नाही.

आता प्रश्न असा की, वारली घरात हे पहिले घर आहे काय? ते आहे, आणि समृद्ध आहे. लग्नप्रसंगी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिला जाणारा चौक, त्यातील पालघट देवी, आणि त्या वेळी धवलेरी स्त्रीने गायिलेली गीते यांचा एकत्र विचार केला तर सचित्र ग्रंथाची सर्व अंगे तेथे आढळतात. भिंत हे पान, चौक ही आकृती, आणि धवलेरी ही त्याची अर्थ सांगणारी वाचक. धान्यदेवता कणसरीची कथा घांगळीच्या साथीने गायिली जाते, तेव्हा ऐकणाऱ्यांत मुलेही असतात. तेव्हा ज्या घरात पुस्तक नाही त्या घरात वाङ्मय नाही, हे विधान टिकत नाही. वाङ्मय आहे, त्याला मुद्रित पानापर्यंत नेणारी वाट नाही.

ही वाट अपरिचित आहे असेही नाही. मराठी घरांनी सर्वाधिक जिव्हाळ्याने वाचलेल्या पुस्तकांत ‘श्यामची आई’ची गणना होते. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याची प्रकरणे ‘रात्री’ आहेत. श्याम सांगतो आणि मित्र ऐकतात. म्हणजे आपल्या बालवाचनाच्या मध्यभागी असलेला हा ग्रंथ रचनेने कथनच आहे. ज्या वाचकाने घरी आजीच्या तोंडून गोष्ट ऐकली होती त्याला या पुस्तकात आपले अंगण सापडले. वारली मुलाला त्याचे अंगण कोणत्या पुस्तकात सापडते, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली भाषेची. वारली बोलीचे मराठीशी निकटचे नाते आहे, तिला गुजरातीचाही स्पर्श आहे, आणि तिला स्वतंत्र लिपी नाही. प्रमाण मराठीतील पान वारली मुलाला अगदी परके नसते. परंतु अर्ध्या ओळखीची भाषा कधी कधी पूर्ण परक्या भाषेहून अधिक फसवी ठरते. मूल अक्षरे जुळवून वाक्य मोठ्याने म्हणते, आपण त्यास वाचन समजतो, आणि अर्थ मात्र त्याच्या हाती लागलेला नसतो. ज्या कृतीतून अर्थ मिळत नाही तिच्यावर प्रेम कसे जडावे?

दुसरी अडचण चित्राची. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यामुळे डहाणू तालुक्यातील गंजाडचे नाव जगभर झाले आणि वारली चित्र पुस्तकांच्या पानापानांवर आले. पण पुष्कळ ठिकाणी ते समासाची वेलबुट्टी म्हणून आले. मजकूर एकीकडे आणि तारपा नाचणाऱ्या आकृतींची किनार दुसरीकडे. वास्तविक या चित्राचा प्राण क्रिया हा आहे. दोन त्रिकोणांचे शरीर वाकते, उचलते, पेरते, धावते. चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ साली वारली चित्रकारांकडून ‘डू!’ हे पुस्तक करवून घेतले, त्यात क्रियापदे आणि त्या क्रियांची चित्रे एवढाच संसार आहे. पुस्तक इंग्रजी असले तरी त्यातील दृष्टी आपल्या कामाची आहे. चित्र येथे मजकुराची शोभा नसून स्वतःच मजकूर आहे. असे पान अक्षरओळख नसलेले मूलही वाचू शकते, आणि वाचता येते या आत्मविश्वासाने अक्षराकडे वळू शकते.

यावर आक्षेप येईल की, बोलीतील पुस्तकांमुळे मूल बोलीतच अडकून पडेल. आक्षेप गंभीर आहे. कारण जमीन, मजुरी आणि कचेरी यांचे व्यवहार प्रमाण मराठीत चालतात, आणि कागद वाचता न येण्याची किंमत या भागाने भारी मोजली आहे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथातील १९४५ च्या वारली उठावाची हकीकत वाचणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको. परंतु बोलीतील पुस्तक हा मुक्काम नव्हे, पायरी आहे. एकाच पानावर बोली व प्रमाण मराठी शेजारी शेजारी असू शकतात. दुसरा आक्षेप असा की, बोली गावागणिक बदलते. शिवाय येथे कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी आणि किनाऱ्यावरील मांगेला मुलेही आहेत. हे खरेच आहे, आणि म्हणूनच शहरात छापलेल्या एकाच बोलीपुस्तकाने प्रश्न सुटणार नाही. पुस्तकाचा एक भाग त्या त्या शाळेतच तयार व्हावा लागेल.

शाळा आणि घर यांचा संबंध येथे वेगळ्या रीतीने जुळतो. ज्या घरी वाचून दाखवणारे कोणी नाही तेथे पालकांना वाचून दाखवा असे सांगणे म्हणजे त्यांना त्यांच्या उणिवेची आठवण करून देणे होय. त्यांना गोष्ट मागावी. मुलाने आजीची गोष्ट शाळेत आणावी, शिक्षकाने ती मुलांच्या शब्दांत लिहावी, मुलांनी तिची चित्रे काढावीत, आणि शिवलेली ती पाने मुलाने घरी नेऊन आजीला वाचून दाखवावीत. घर मग वाचनाचे याचक राहत नाही. ते ग्रंथाचे कर्ते होते. अशी दहा पाने हाताळलेले मूल अकराव्या दिवशी छापील पुस्तकाकडे परक्यासारखे पाहणार नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय व त्यात गोष्टींची पुस्तके आवश्यक मानली आहेत. परंतु पुस्तक हरवले वा फाटले तर जबाबदार कोण, या भीतीने कपाटाला कुलूप लागते. शिवाय दिवाळीनंतर या भागातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व इतरत्र कामाला जातात. मुलेही त्यांच्याबरोबर जातात. ज्या घराचाच मुक्काम हलतो त्या घरासाठी पुस्तकही हलके, स्वस्त आणि न परतले तरी चालेल असे असले पाहिजे. झिजलेले पुस्तक हा तोटा न मानता वापराचा पुरावा मानला गेला, तर कुरणशाळेचे तत्त्व ग्रंथालयाला लागू झाले असे म्हणता येईल.

तात्पर्य, डहाणू-तलासरीचा प्रश्न हा मागासलेल्या प्रदेशाचा अपवादात्मक प्रश्न नाही. वाचनप्रेमाचे मूळ पुस्तकात नसून गोष्टीच्या सहवासात आहे, हे जे शहरी घरात झाकलेले राहते ते येथे उघडे पडते. बालसाहित्याच्या अभ्यासकांनी आजवर पुस्तकांची गुणवत्ता तपासली. आता ते पुस्तक कोणत्या अंगणापर्यंत पोहोचते आणि कोणत्या अंगणातून निघाले आहे, हेही तपासले पाहिजे. कोसबाडच्या टेकडीने शाळेला चालावयास शिकवले. पुस्तकाला चालावयास शिकवण्याचे काम अद्याप आपल्याकडे आहे.